बाहुल्यांच्या पायरीवरचा कॉम्प्युटर

हत्तींच्या पाठीवर वाळूची पोती चढली, की मला ग्राफिक्स कार्ड आठवतं.

ह्या वाक्याचा अर्थ बाहेरगावच्या माणसाला लागणार नाही, आणि खरं सांगायचं तर गावातल्यालाही लागणार नाही. आमच्या म्हैसुरात दसऱ्याआधी रानातले हत्ती मुक्कामाला येतात. अंबारीच्या वजनाची सवय व्हावी म्हणून त्यांच्या पाठीवर वाळूची पोती बांधून सकाळी सकाळी रस्त्यानं फिरवतात. शेणाचा आणि ओल्या गवताचा वास गावभर सुटतो. कानांना सराव व्हावा म्हणून तोफांचे बार काढतात. हत्ती ढिम्म हलत नाहीत, पण आमच्या दुकानातल्या बरण्या अशा हादरतात की शर्टाची बटणं उडून ब्लाउजच्या हुकांत जाऊन बसतात. शेवंतीचे भाव चढतात, रस्त्याच्या कडेला कोहळ्यांचे डोंगर उभे राहतात, विजेच्या माळा लावणारे शिड्या घेऊन झाडांशी भांडत असतात. अशा गडबडीत परवा दुकानाच्या दारात उभा होतो. समोरून हत्ती चालला होता. चालता चालता तो मध्येच थबकला. एक पाय उचललेला, आणि तो पुढे टाकायचा की मागे घ्यायचा हे त्याला काही केल्या आठवेना. माहूत ओरडला, मागच्या रिक्षा ओरडल्या, हत्तीनं कान हलवले, पाय हवेतच.

मी म्हटलं, हा तर आमचा कॉम्प्युटर!

आणि गेल्या वर्षीचं नवरात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

आम्ही शिंपी. कुठल्या पिढीत, कुठल्या गावाहून इकडे आलो ते कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला निराळं गाव सांगतो. पणजोबा राजवाड्यातल्या हत्तींच्या झुली शिवायचे, हे मात्र सगळ्यांना एकसारखं सांगतो. आजोबा ते ऐकून "नाही, नाही" म्हणायचे, पण त्यांना शेवटी शेवटी विसरायला होत होतं. खाली दुकान, वर घर. घरात विठोबा आणि मराठी, दोन्ही जपून ठेवलेली. फक्त मराठीत आता कन्नडचं पाणी इतकं झालंय, की दूध शोधावं लागतं.

कॉम्प्युटर आमच्या प्रसादचा. तो इंजिनीअरिंगला गेला तेव्हा घेतलेला. पुढे प्रसाद नोकरीला बेंगळूरला गेला आणि कॉम्प्युटर खाली दुकानात आला, बिलं करायला आणि ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने दाखवायला. त्याचा वेग काय सांगू! सकाळी बटण दाबलं, की मी एक शर्ट बेतायला घ्यायचो. बेतून, शिवून, काज-बटण करून, इस्त्री मारून तो गिऱ्हाइकाच्या अंगात चढवायचा, गिऱ्हाइकानं आरशात बघून "बगलेत आवळतंय" म्हणायचं, मी ते उसवून सैल करून द्यायचं, तेव्हा कुठे पडद्यावर उजेड यायचा. हे मी दुकानात सांगतो तेव्हा लोक हसतात. माझी बायको सुलोचना हसत नाही. ती म्हणते, "ह्यांना एक शर्ट शिवायला दोन दिवस लागतात, ते विचारा."

गेल्या वर्षी मे महिन्यात प्रसादचं लग्न झालं आणि मुक्ता आमच्या घरात आली. सोलापूरची मुलगी. बेंगळुरात प्रसाद मित्रांच्यात राहतो. दोघांपुरतं घर मिळेपर्यंत मुक्ता आमच्याकडे, आणि प्रसाद शनिवार-रविवारी. ते घर शोधणं अजूनही चालू आहे. मुक्ता एका कंपनीचे हिशेब घरी बसून लॅपटॉपवर करते. तिचं मराठी इतकं स्वच्छ, की सुरुवातीला आम्हाला रेडिओ लावल्यासारखं वाटायचं. ती बोलली, की आम्ही दोघं मान डोलावायचो आणि मग स्वयंपाकघरात जाऊन एकमेकांना विचारायचो, काय म्हणाली? तिची अवस्था आमच्यापेक्षा बिकट. सुलोचना तिला दिवसातून शंभरदा म्हणायची, "सुम्ने बस गं." आता सुम्ने म्हणजे उगीच, सुम्ने म्हणजे गप्प, सुम्ने म्हणजे सहज, सुम्ने म्हणजे काही काम न करता आरामात. ह्यातलं नेमकं कुठलं, हे सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. मुक्ता तोंडाकडे बघायची आणि आणखीच गोंधळून उभी राहायची.

नवरात्राच्या तोंडावर आमच्या दुकानात श्वास घ्यायला जागा नसते. कापडांच्या ढिगाऱ्यात मी एकदा तीन दिवस हरवलो होतो. त्या दुपारी मुक्ता खाली आली आणि न सांगता बटणं लावायला बसली. बटणं लावताना माणसं खरं बोलतात, कारण डोळे सुईत गुंतलेले असतात, समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही. माझ्या गिऱ्हाइकांनी बटणं लावली असती तर अर्ध्या म्हैसूरची गुपितं मला कळली असती.

"मामा," ती म्हणाली, "ओंकार माझा फोन उचलत नाही."

ओंकार तिचा धाकटा भाऊ. लग्नात तो मांडवात कमी आणि मांडवाबाहेर जास्त दिसला होता, एवढंच मला आठवत होतं.

"कधीपासून?"

"लग्नापासनं. ठरलेलं त्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं ना. मीच सांगितलं नाही. कसं सांगावं कळंना मला." तिनं दोरा दातानं तोडला. "आम्ही एका खुर्चीत बसून गेम खेळायचो मामा. लहानपणापासनं. मी कीबोर्ड, तो माऊस. एकाला चालायला येतंय, एकाला मारायला."

मग तिनं सांगितलं, की दर वर्षी खंडेनवमीला त्यांच्या गल्लीतली पोरं कीबोर्डला हळदकुंकू लावायची आणि संध्याकाळी सगळी मिळून खेळायला बसायची. शस्त्राची पूजा झाली, की शस्त्र चालवून बघायचं. आता पोरं गावोगाव गेली, तरी त्या संध्याकाळी आपापल्या घरून येतात. ओंकारही येतो. "फोन उचलत नाही, पण तिथनं मला हाकलून देणार नाही," ती म्हणाली. "पण कंपनीच्या लॅपटॉपवर गेम टाकला, तर साहेबाला कळतंय."

"एवढंच?" मी म्हटलं. "आपला कॉम्प्युटर आहे की!"

मुक्तानं कोपऱ्यातल्या त्या जीवाकडे बघितलं. तो त्या वेळी सकाळचं बटण दाबलेलं दुपारी मनावर घेत होता. लग्नानंतर पहिल्यांदा ती मोकळी हसली.

"मामा, त्याच्यावर नाही चालणार हो."

"चालत नाही म्हणजे? अल्टर करू."

नवा कोट कुणीही शिवतो. जुना कोट उसवून, आत दाबलेली माया सोडून, त्याच माणसाच्या वाढलेल्या पोटावर बसवायचा, ही खरी कला. मला वाटलं, कॉम्प्युटरचंही तेच असणार. मी प्रसादला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, नवीनच घेऊ की पुढच्या वर्षी. त्यात नुसतं ग्राफिक्स कार्ड टाकलं तर बॉटलनेक होईल." बोटनेक मी हजारो शिवले आहेत, बॉटलनेक कधी शिवला नव्हता. गळा किती खोल, विचारलं, तर तो फोनवर कपाळावर हात मारल्याचा आवाज काढू लागला.

मग मी गावात विचारत सुटलो. एक म्हणाला, रॅमची पट्टी वाढवा, बाकी काही लागत नाही. दुसरा म्हणाला, रॅम राहू द्या, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, विमान होईल. तिसरा म्हणाला, विमान होईल पण उडणार नाही, गेमची चित्रं पळवायला कार्ड पाहिजे. चौथ्यानं कार्डाचं नाव ऐकून विचारलं, "एसएमपीएस किती वॉटचा?" मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. आत वीज वाटणाऱ्या डब्याला एसएमपीएस म्हणतात, आणि तो अशक्त असला तर कार्डाला पोटभर मिळत नाही, हे मला नंतर कळलं. त्या दिवसांत मला स्वप्नं पडायची, की मी राजाच्या अंगाचं माप घेतोय आणि राजा म्हणतोय, छाती सोड, वॉट किती ते बघ. रॅमची पट्टी आणि एसएसडी एवढी दोन घेऊन झाली तेव्हा माझा खिसा शिवून टाकावा इतका रिकामा झाला. कार्ड जुनंच घ्यायचं ठरलं.

ते मिळालं गावाच्या टोकाला, बोगादीला. गणित शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर, आमच्याकडे मेष्ट्रु म्हणतात, मुलाचं कार्ड विकत होते. मुलगा परदेशी गेलेला. मी बेल वाजवली, तर त्यांनी मला सोफ्यावर बसवून कॉफी दिली आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखी माझी चौकशी सुरू केली. घरात किती माणसं? घर हवेशीर आहे का? कॉम्प्युटर कुणासाठी?

"सुनेला गेम खेळायला," मी म्हटलं.

मेष्ट्रूंनी कप खाली ठेवला आणि आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. हे बघ, असाही माणूस असतो."

त्यांच्या बायकोनं बाहेर येऊन मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बहुधा मला कुणीतरी फसवून पाठवलंय, असं त्यांना वाटलं असावं. मेष्ट्रूंनी कार्ड पिवळ्या फडक्यातून काढलं. दोन पंख्यांचं, सांभाळून वापरलेलं. "ह्याला भूक बेताची आहे," ते म्हणाले. "तुमच्या जुन्या एसएमपीएसवर भागेल. पण तापतं लवकर. वारा लागू द्या." निघताना त्यांच्या बायकोनं माझ्या हातावर नारळ ठेवला. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणाल्या.

मी कॅबिनेटचं झाकण उघडलं, आणि आत चिमणीचं घरटं होतं. घरटं म्हणजे काय, वर्षानुवर्षांची सुतं, कापसाची लव, आस्तराचे धागे. पंख्यानं दुकानातलं सगळं आत ओढून छान पिंजून ठेवलेलं. मी ते बाहेर काढत गेलो. तीन उशा भरल्या असत्या. सुलोचना म्हणते, मूठभर होतं. मूठ कुणाची, हे ती सांगत नाही.

मग कार्ड बसवायला घेतलं, तर ते बसेना. मी माप घेऊन गेलो होतो हो! टेपनं, आतून, व्यवस्थित. पण शिंप्याचा हात टेप जरा सैल धरतो. कापडाला दोन बोटं इकडेतिकडे चालतात. ताण दिला की येतं. पत्र्याला ताण देऊन बघितला, तर माझाच खांदा उतरला. हार्ड डिस्क ठेवायचा पिंजरा मध्ये येत होता. शेवटी पत्रा कापायची कात्री आणून मी तो पिंजराच कापून काढला आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. एसएसडी ठेवायला आता जागा नाही. ती काय, काडेपेटीहून जरा मोठी, हलत नाही, फिरत नाही. मी करड्या सुटिंगच्या तुकड्याचा तिला खिसा शिवला, झाकणासकट, दुहेरी टीप मारून, आणि कॅबिनेटच्या आत लटकावला. मुक्तानं तो बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "मामा, असं जगात कुणाकडं नसंल." ही स्तुती होती की काय होतं, मी अजून ठरवलेलं नाही.

दुकानात लावून बघितलं, तर कॉम्प्युटर चालला! बटण दाबलं, आणि मी कात्री उचलेपर्यंत पडदा उजळला. मी घाबरून कात्री खाली ठेवली.

आता खरा गोंधळ सुरू झाला, आणि तो विजेचा नव्हता.

नवरात्रात म्हैसुरातल्या घरांत गोंबे मांडतात. गोंबे म्हणजे बाहुल्या. पायऱ्या रचून, वर पांढरं कापड घालून, सगळ्यात वरती राजा-राणी, आमच्याकडे त्यांच्या शेजारी विठोबा-रखुमाई, मग दरबार, मिरवणूक, लग्नाची वरात, आणि खालच्या पायरीवर धान्याची दुकानं मांडून बसलेले शेट्टी आणि शेट्टीणबाई. संध्याकाळी आयाबाया पोरांना घेऊन घरोघरी गोंबे बघायला जातात. सुलोचनाचे गोंबे बघायला लोक आंध्रातून येतात. निदान एकदा एकजण आली होती, तिची मावसबहीण.

सप्तमीला सरस्वतीपूजा. पुस्तकं देवीपुढे मांडली, की दशमीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सुलोचना खाली दुकानात आली आणि म्हणाली, "अल्ला री, अहो ऐका की, हा पण विद्येचाच की. वर घ्या."

मी कात्रीसारखा चपळ. म्हटलं, "छे, ही विद्या कसली? मी ह्याच्यावर बिलं करतो. हे आयुध."

"बरं. मग खंडेनवमीला पुजू."

"हां, खंडेनवमीला," मी म्हटलं, आणि माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे आयुधपूजेला पुजलेल्या आयुधाला विश्रांती. त्या दिवशी मशीन चालत नाही, कात्री उघडत नाही, सुईत दोरा ओवत नाही. माझ्या वडिलांनी त्या दिवशी पायात गेलेला काटासुद्धा सुईनं काढला नव्हता, दशमीपर्यंत लंगडले. विद्या म्हणा नाहीतर आयुध म्हणा, नवमीची संध्याकाळ दोन्हीकडून गेली. जिन्याच्या पायरीवर मुक्ता उभी होती, हातात हरभऱ्याच्या उसळीचं ताट. तिला सगळं कळलं होतं. ती ताटातले हरभरे एका बाजूला सारत राहिली.

"खेळणं आहे ते खेळणं," मी घाईघाईनं म्हटलं. "सुम्ने खेळायचं. बाहुलीसारखं."

"आत्ताच आयुध म्हणालात."

"आयुधच, पण खेळण्यातलं."

"तुम्ही गप्प राहा री." सुलोचना मुक्ताकडे वळली. "तू सांग गं. हे काय आहे? विद्या, आयुध की गोंबे?"

मुक्ता गडबडली. आमच्या घरात तिला पहिल्यांदाच कुणी निवाडा करायला सांगत होतं. "मला नाही सांगता येणार आत्या," ती म्हणाली. मग हळूच, "त्याच्यात माझा भाऊ असतो."

सुलोचना वाकली. कॅबिनेटचं झाकण मी अजून लावलं नव्हतं. तिनं डोकं आत घालून बघितलं. मीही बघितलं. मी सगळं आतून पुसलं होतं. भाऊ मला कुठेच दिसला नव्हता, नुसती सुतं होती.

"ह्याच्यात?"

"हो. नवमीला येतो."

सुलोचनानं कमरेला हात देऊन पाठ सरळ केली. तिच्या चेहऱ्यावरून तिला काही कळलंय असं वाटत नव्हतं. मला तर कधीच कळत नव्हतं. पण तिनं निकाल दिला. "मग खालच्या पायरीवर मांडा. शेट्टीच्या शेजारी. गोंबे बघायला असतात, बांधून ठेवायला नसतात. आणि भाऊ येणार म्हणताय तर नुसती उसळ कशी चालेल? पायस करते."

नवमीला सकाळी मी मशीनला, कात्र्यांना, टेपला, इस्त्रीला कुंकू लावलं, उंबऱ्यावर कोहळा फोडला, आणि कॉम्प्युटर दोन्ही हातांनी कवटाळून वर नेला. पायरीवर ठेवला, मागं हात घालून चाचपत सगळ्या वायरी पुन्हा खोचल्या. ज्या भोकात जी वायर गेली तिला तिथं राहू दिलं.

संध्याकाळी मुक्ता चटईवर मांडी घालून बसली. डोक्यावर राजा-राणी, विठोबा-रखुमाई, खाली लग्नाची वरात, आणि समोर पडद्यावर एक ओसाड गाव. त्यात माणसं छत्रीनं उतरतात, घरांमागे लपतात आणि एकमेकांना वाचवत पळतात, एवढं मला समजलं. दुकानातले जुने स्पीकर लावलेले, त्यामुळे सोलापूरची पोरं आमच्या दिवाणखान्यात बोलत होती. "कोण, ताई? अगं, जिवंत हाय का?" "म्हैसूरपाक पाठव की!" मुक्ता हसत होती, उत्तरं देत होती. मी खुणेनं विचारलं, ओंकार? तिनं पडद्यावरच्या एका माणसाकडे बोट दाखवलं. निळ्या टोपीचा. तो सगळ्यांबरोबर पळत होता, पण त्याचा आवाज नव्हता.

आणि नेमक्या त्याच वेळी गोंबे बघायला बायका आल्या. पाच-पंचवीस तरी असतील. सुलोचना म्हणेल सहा. त्यांनी राजा-राणी बघितले, दरबार बघितला, आणि शेट्टीच्या शेजारी बंदूक घेऊन पळणारी बाई बघितली.

"ही नवी का हो?" एका आजींनी विचारलं.

सुलोचनाची पापणी लवली नाही. "ह्या वर्षीची. हालते."

आजींनी कौतुकानं पुढे होऊन पडद्याच्या बरोबर मध्ये कुंकवाचं बोट टेकवलं. मुक्ताला नेम धरायला बरंच झालं. पण नेम धरूनही उपयोग होत नव्हता. कॉम्प्युटर अडकत होता. पाय उचलायचा आणि हवेत ठेवायचा. गोळी आज सोडली तर उद्या सुटायची. माझं तोंड पडलं. दुकानात तर विमान होतं! मुक्ता कीबोर्ड मांडीवरून खाली ठेवून उठली, पायरीच्या मागे वाकली, कॅबिनेटच्या पाठीमागे तिनं हात घातला.

"ताई, मागं! मागं बघ!"

स्पीकर असा दणाणला, की खोलीतल्या सगळ्या बायकांनी मागे वळून बघितलं. आजींनी तर भिंतीला पाठ लावली. मी निळ्या टोपीकडे बघितलं. मुक्तानं हात काढून घेतला आणि झटकन जागेवर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते, पण बोटं धावत होती.

"दिसंना झालंय रे. अडकतंय."

"अडकतंय म्हणजे? किती अडकतंय?" निळी टोपी थांबली, वळली, तिच्यासमोर येऊन उभी राहिली. गोळ्या चुकवत उभी राहिली. "सगळी सेटिंग खाली आण. सावल्या बंद कर आधी, भार कमी होईल. येड्यासारखं वर लावून बसली असशील."

"करते."

"आणि हलू नको. मी आहे."

कॉम्प्युटर त्यानंतर वरच राहिला, आणि वर्षभर सावल्याच बंद होत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दशमीला, अंबारीची मिरवणूक रस्त्यावर चालू असताना, मुक्ताचा फोन वाजला. ओंकार. सावल्या बंद केल्या का? मग गवत कमी कर. मग धूर कमी कर. कार्तिकात तो रोज संध्याकाळी विचारायचा, आज कसं चाललंय, आणि मुक्ता म्हणायची, आज जरा बरंय, पण पुलावर अडकतं. मग पुलावरून गोष्ट आईच्या गुडघ्यावर जायची, आईच्या गुडघ्यावरून सोलापूरच्या उन्हावर. मी मात्र आतून खंतावत होतो. एवढं अल्टर करून कोट काखेत फाटतो म्हणजे काय? मेष्ट्रूंना फोन केला, म्हटलं, तुमचं कार्ड नीट वागत नाही. ते दुखावले. म्हणाले, "आमच्या घरी असताना असं कधी केलं नाही त्यानं. तुमच्याकडे काय होतंय, ते बघा."

परवा हत्ती गेल्यावर मी वर आलो. सुलोचना बाहुल्यांची पेटी उघडून कापूर आणि जुन्या कापडाच्या वासात बसलेली. मी कॉम्प्युटर पुसायला घेतला, पाठमोरा फिरवला, आणि बघत राहिलो. पडद्याची वायर कार्डात नव्हतीच. वरच्या जुन्या भोकात होती. दोन्ही भोकं एकसारखी, आणि नवमीला सकाळी चाचपताना मी ती भलतीकडे खोचली होती. म्हणजे वर्षभर पडदा जुन्याच पोटावर चालला होता, आणि मेष्ट्रूंचं ते गुणी कार्ड आत नुसतं बसून होतं, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं.

मी वायर उपटणार, तोच मनगटावर हात आला.

"राहू द्या मामा."

"अगं, भलत्याच भोकात आहे!"

"माहिताय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. काढणारच होते, तेवढ्यात तो ओरडला." मुक्ता वायरीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "दुसऱ्या दिवशी फोनवर त्यानं पहिलं हेच विचारलं, वायर कार्डात आहे ना? मी हो म्हटलं."

मी पुसायचं फडकं खाली ठेवलं. गोंबे, कार्ड, नारळ, कापलेला पिंजरा, सगळं डोक्यात गरगरलं. मी केलेलं बरोबर होतं तेव्हा काही उपयोगाचं नव्हतं, आणि चुकलं तेव्हा... मला पुढे वाक्यच सुचेना. असं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. सुलोचना साक्षीला होती.

फोन वाजला. मुक्तानं स्पीकरवर टाकला.

"ताई, मी काय म्हणतोय," ओंकार म्हणाला, "वर्षभर सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ते तुझ्या सासऱ्यांनी काय करून ठेवलंय, ते लांबनं नाही कळायचं. मीच येतो. नवमीपर्यंत पोचतो."

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. मी वायरीकडे बघितलं. येऊन मागं वाकला, की एका क्षणात त्याला दिसणार, आणि मग वर्षभराचा हिशेब होणार. मी हातानं खूण केली, काढू का? तिनं मान हलवली, ती हो होती की नाही, मला सांगता येणार नाही.

"ये," ती फोनमध्ये म्हणाली. "बघच येऊन."

तिनं फोन ठेवला. मग बाहुल्यांच्या पेटीशी बसलेल्या सुलोचनाला म्हणाली, "आत्या, वरच्या खोलीतली गादी उन्हात टाकू का?"

बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं. ऊन कुठेच नव्हतं. सुलोचनानं एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा मुक्ताकडे, आणि म्हणाली, "टाक की. मी दुसरं टोक धरते."